मोरीच्या घरी

माझी लेक देवगडला जन्मली. बारसं झालं त्या दिवसापासून आईने मला मोरी खायला घालायला सुरुवात केली. हातभर लांबीची, कोवळी मोरी. बाळंतिणीला दूध भरपूर येतं म्हणतात. वडील पहाटे जेटीवर लिलावाला जायचे, पिशवीतून मोरी आणायचे, आई तिच्यावर उकळतं पाणी ओतून काचकागदासारखी कातडी खरवडून काढायची आणि भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटप लावून मटण करायची. आमच्याकडे मोरीचं कालवण नसतं, मटणच असतं. इतर माशांच्या ओळीत तिला बसवत नाहीत. मोरी म्हणजे शार्क हे मला शाळेत असताना कळलं होतं, पण ते 'मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड' असं कळतं तसं. त्याने ताटातल्या मोरीत काही फरक पडला नव्हता.

बऱ्याच वर्षांनी तीच लेक पाण्याखाली २४ मीटरवर, एका गुहेच्या तोंडाशी, माझा दंड घट्ट धरून समोर बोट दाखवत होती. समोर मोरी होती. आमच्या स्वयंपाकघराच्या लांबीची.

हे ऑस्ट्रेलियात घडलं. आम्ही सिडनीत राहतो त्याला तेरा वर्षं झाली. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर, सिडनीहून गाडीने पाचेक तासांवर, साउथ वेस्ट रॉक्स नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या स्मोकी केप नावाच्या भूशिरापासून दोनेक किलोमीटर आत समुद्रात एक खडक उभा आहे, फिश रॉक. वरून बघाल तर काही नाही; पक्ष्यांनी पांढरा केलेला एक ओबडधोबड सुळका. पण त्याच्या पोटातून आरपार गुहा गेलीय, जवळपास सव्वाशे मीटर लांब. एका बाजूचं तोंड २४ मीटर खोल, दुसऱ्या बाजूचं त्याच्या निम्म्याहून जरा जास्त. आणि या गुहेच्या आसपास ग्रे नर्स शार्क राहतात.

तिथवर मी कशी पोचले, ते आधी सांगते, कारण खरा त्रास तिथेच झाला.

देवगडची असून मला पोहता येत नव्हतं. हे इकडे कुणाला सांगितलं की लोक हसतात. आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. पण वाडीतले मुलगे पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलले जायचे आणि शिकायचे. मुलींना कुणी ढकललं नाही. समुद्र आमच्यासाठी नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा, संध्याकाळी बघत बसायचा आणि वडील वेळेवर परतले नाहीत तर घाबरायचा. त्यात उतरायचा नव्हता.

लेक शाळेत असतानाच डायव्हिंग शिकली. पुढे विद्यापीठात समुद्रजीवशास्त्र घेतलं. मग एक दिवस म्हणाली, "आई, मला बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, पाहिजे आणि मैत्रिणींना पैसे परवडत नाहीत. तू ये." मी तेव्हा पंचेचाळीस ओलांडलेली. दोन वर्षं मी टाळलं. मग पोहण्याच्या प्रौढांच्या वर्गाला गेले, तिथे माझ्याबरोबर एक सत्तरीची आजी होती, ती माझ्या आधी पास झाली. डायव्हिंगच्या पहिल्या परीक्षेला न थांबता २०० मीटर पोहावं लागतं, वेळेचं बंधन नाही. आणि दहा मिनिटं नुसतं तरंगायचं. पोहणं कसंबसं झालं. तरंगणं जमेना. पाय जड होऊन खाली जायचे. शेवटी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हनुवटी वर कर आणि छताकडे बघून आज रात्री जेवायला काय करणार याचा विचार कर. त्या दिवशी मी दहा मिनिटांत आठवड्याची भाजी ठरवली.

डॉक्टरांकडून तपासून आणलं. फुप्फुसं, कान, रक्तदाब. कानाचं मोठं असतं. दहा मीटर खाली गेलं की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. दर मीटरभराला नाक दाबून कानात हवा ढकलत राहायचं, नाहीतर पडद्यावर सुया टोचल्यासारखं होतं. मी दर अर्ध्या मीटरला ढकलायचे. माझ्यामुळे सगळा वर्ग दोरीला लोंबकळत वाट बघत असायचा.

ओळखीचे सगळे एक प्रश्न हमखास विचारतात: प्राणायामाचा उपयोग झाला असेल ना? नाही झाला. उलट अडचणच झाली. प्राणायामात श्वास रोखायला शिकवतात, आणि डायव्हिंगमध्ये श्वास रोखणं हा पहिला गुन्हा आहे. दाबाखालची हवा फुप्फुसात भरून घेतलीत आणि तशीच कोंडून वर आलात, तर ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. मला मास्कमध्ये पाणी शिरलं की आपोआप श्वास रोखायची सवय. मॅन्लीजवळच्या शेली बीचला जेमतेम चार मीटर पाण्यात गुडघ्यावर बसून मी ती सवय मोडली. मास्क काढ, डोळे मिट, तोंडाने श्वास घेत राहा, मास्क घाल, नाकाने फुंकून पाणी बाहेर काढ. वीस वेळा. एकविसाव्या वेळी रडले. मास्कच्या आत रडलेलं कुणाला कळत नाही, हा त्यातला फायदा.

मग वर्षभर जमतील तेवढे रविवार. पुढचा, ३० मीटरपर्यंत जाण्याचा कोर्स. मारूब्रा इथे मॅजिक पॉइंट म्हणून जागा आहे, सिडनी शहरातच म्हणा ना, तिथे कपारीत ग्रे नर्स असतात. तिथे मी पहिल्यांदा त्यांना लांबून पाहिलं, गढूळ पाण्यात, राखाडी सावल्यांसारखं. खरं सांगायचं तर निराश झाले. फिश रॉकला गेल्याशिवाय बोलू नकोस, असं लेक म्हणाली.

मे महिन्यात गेलो. नवरा गाडी चालवायला आणि किनाऱ्यावर बसून काळजी करायला.

पहिला दिवस फुकट गेला. तिथे बोट खाडीतून निघते आणि खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध साचलेला असतो. त्याला 'बार' म्हणतात. लाटा मोठ्या असल्या की बार ओलांडता येत नाही. देवगडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी लाटा बघूनच म्हटलं, आज नाही. बोटवाल्याने अर्ध्या तासाने तेच सांगितलं. मग आम्ही ट्रायल बेचा जुना तुरुंग पाहिला, तो पहिल्या महायुद्धात जर्मन लोकांना डांबायला वापरला होता, आणि दुपारी स्मोकी केपच्या दीपगृहावर गेलो. १८९१ पासून ते उभं आहे. केपला हे नाव इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकने १७७० साली दिलं, किनाऱ्यावर धूर दिसला म्हणून. तो धूर इथल्या मूळनिवासी डंगुटी लोकांच्या आगट्यांचा. त्यांच्याकडे या जागेला आधीपासून स्वतःचं नाव असणारच, पण नकाशावर राहिला तो धूर. वरून फिश रॉक दिसत होता. भोवती पांढरा फेस. माझ्या पोटात तेव्हापासूनच गोळा.

दुसऱ्या दिवशी बार शांत होता. बोटीवर आम्ही आठ जण आणि दोन गाइड. निघण्याआधी नियम सांगितले: शार्कला हात लावायचा नाही, पाठलाग करायचा नाही, खायला द्यायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुहेचं तोंड किंवा खडकांमधली घळ अडवायची नाही. तिचा रस्ता तिला मोकळा पाहिजे. एका गटात दहाच्या वर माणसं नकोत. हे शिष्टाचार म्हणून सांगत नव्हते. हा इथला कायदा आहे.

कायदा का, ते लेकीने आदल्या रात्री सांगितलं होतं. ग्रे नर्स दिसायला भयंकर. तोंड मिटलं तरी दात बाहेर, वाकडेतिकडे, तीन-चार रांगांत. त्यामुळे १९५० आणि ६० च्या दशकांत माणसं खाणारा मासा म्हणून तिची बदनामी झाली आणि भाले घेऊन उतरणाऱ्या डायव्हर लोकांनी तिला हजारांनी नाही तरी शेकड्यांनी मारलं. ती पळत नाही, चावत नाही, एका जागी संथ फिरत राहते. मारायला इतकं सोपं दुसरं काही नाही. पुढे लक्षात आलं की ती मुख्यतः मासेच खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. १९८४ साली न्यू साउथ वेल्सने तिला संरक्षण दिलं. कायद्याने संरक्षण मिळालेला जगातला हा पहिला शार्क म्हणतात. तरी आजही ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर प्रौढ ग्रे नर्स दोन हजारांच्या आसपासच असाव्यात.

चाळीस वर्षांत फारशा का वाढल्या नाहीत? याचं उत्तर तिच्या पोटात आहे, आणि ते ऐकून माझी झोप उडाली होती. तिला दोन गर्भाशयं असतात. प्रत्येकात सुरुवातीला पुष्कळ पिल्लं धरतात. त्यांतलं जे आधी मोठं होतं त्याला आईच्या पोटातच दात फुटतात, आणि ते आपल्या भावंडांना खाऊन टाकतं. मग आई जी न फळलेली अंडी सोडत राहते, ती खात वाढतं. शेवटी एका गर्भाशयात एक, म्हणजे दोनच पिल्लं जन्मतात, मीटरभर लांबीची. हे कळलं कसं, तर १९४८ साली स्ट्युअर्ट स्प्रिंगर नावाच्या शास्त्रज्ञाने एका गाभण मादीच्या पोटात हात घातला आणि आतलं पिल्लू त्याला चावलं. गर्भार राहायची नऊ ते बारा महिने, नंतर वर्षभर तरी विश्रांती. दोन वर्षांत दोन पिल्लं. त्यात मादी वयात यायला नऊ-दहा वर्षं लागतात. मासळीचा हिशेब हजार-लाख अंड्यांचा असतो असं मी समजत होते. हा हिशेब तर आमच्या चाळीतल्या कुटुंबनियोजनाच्या पाटीसारखा निघाला.

"मग आपण खातो ती मोरी?" मी विचारलं.

"ती वेगळी जात गं. पण सगळ्याच शार्कना पिल्लं कमी होतात."

मी पुढे विचारलं नाही. हातभर लांबीची, कोवळी.

पहिल्या डाइव्हबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती अभिमानाची नाही. नांगराच्या दोरीने खाली उतरलो, १५ मीटरवरच खाली घळीत शार्क दिसायला लागल्या, एकामागून एक, रांगेत फिरत असल्यासारख्या. इथवर मी ठीक. मग गुहेचं खोल तोंड आलं. काळं. बाहेरचा निळा रंग कुणीतरी कात्रीने कापल्यासारखा तिथे संपत होता. पुढचा गाइड टॉर्च लावून आत शिरला आणि त्याचे पाय दिसेनासे झाले. मी थांबले. श्वास वर वर चालायला लागला. गेज पाहिला तर हवा भराभर उतरत होती. २४ मीटरवर दाब जमिनीवरच्या साडेतीनपट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला तेवढीच जास्त हवा जाते, आणि घाबरलेला माणूस दुप्पट श्वास घेतो. आडवा हात हलवून 'काहीतरी बिनसलंय'ची खूण केली. मागचा गाइड शांतपणे आम्हाला बाहेरून फिरवून वर घेऊन आला. माझ्यामुळे लेकीलाही परत यावं लागलं, कारण बडीला सोडून जायचं नसतं. ती बोटीवर एक शब्द बोलली नाही. ते जास्त लागलं. वर मला बोट लागली, आणि आईने देवगडहून पाठवलेली आवळासुपारी तोंडात धरून मी कडेला ओणवी बसले. आवळासुपारीचा काही उपयोग होत नाही, हेही सांगून टाकते.

रात्री नवरा म्हणाला, "नको जाऊस. कोण बघतंय?" तो प्रेमानेच म्हणाला. पण मला माझे वडील आठवले, तेही वादळात अडकून आल्यावर दुसऱ्या पहाटे काही न बोलता पुन्हा होडी काढायचे. त्यांना पोटाची गरज होती, मला हौस. तुलना बरोबर नाही हे मला कळतं. तरी आठवले.

गाइडने सकाळी एकच गोष्ट वेगळी केली. मला सगळ्यात पुढे, स्वतःच्या शेजारी घेतलं. म्हणाला, मागे राहिलीस की पुढच्याचे पाय अंधारात जाताना दिसतात. पुढे राहिलीस की फक्त उजेड दिसतो, कारण टॉर्च तुझ्याच हातात असतो. आणि हिशेब ठरवून दिला: टाकीत दोनशेच्या वर बार आहेत (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप), १४० ला आपण अजून आत नसलो तर आत जायचंच नाही. कालचा खाडीचा बार आणि आजचा टाकीचा बार, दोन्ही ओलांडायचेच, असा विनोद मी मराठीत लेकीला केला. ती हसली. कालपासून पहिल्यांदा.

खाली १६० बारला आम्ही तोंडाशी होतो.

तोंड तसं रुंद आहे. दोन ट्रक शेजारी शेजारी जातील. आत चार-पाच मीटर गेल्यावर मागे वळून पाहिलं तर बाहेरचा समुद्र निळ्या पडद्यासारखा, आणि त्या पडद्यात ती आली. बाहेरून आत. आम्ही आत आणि ती तोंडात, म्हणजे नियमाप्रमाणे आम्हीच तिच्या रस्त्यात. गाइडने हाताने खाली दाबल्यासारखी खूण केली. आम्ही तिघं तळाच्या खडकाला जवळजवळ पोट लावून कडेला सरकलो. लेकीने माझा दंड धरला. मी फुगे सोडणं जितकं हळू करता येईल तितकं केलं. फुग्यांचा आवाज त्यांना आवडत नाही.

ती घाईत नव्हती. शेपटी एकदा डावीकडे, बराच वेळ काहीच नाही, मग एकदा उजवीकडे. आमच्या डोक्यावरून मीटरभर उंचीने गेली. आधी नाकाड, टोकदार आणि चपटं. मग ते तोंड, उघडंच, बाभळीच्या काट्यांसारखे दात बाहेर. डोळा तिच्या मानाने फारच लहान, फिकट पिवळसर, आणि तो माझ्याकडे बघत होता की नव्हता हे सांगता येत नाही. माशाच्या डोळ्यात आपण आपलंच काहीतरी वाचतो. मी इतकंच सांगू शकते की तो हलला नाही. पाच कल्ल्यांच्या फटी. अंगावर तपकिरी ठिपके, पुसट, जुन्या साडीवर डाग राहावेत तसे. पाठीवर दोन पंख जवळपास एकाच मापाचे. ग्रे नर्स ओळखायची ही खूण. आणि पोट फुगीर, पांढुरकं. ते पोट इतकं हळू गेलं की त्याची खरखरीत कातडी मला दिसली. तीच कातडी. आई उकळतं पाणी ओतून काढते ती.

कल्ल्यांच्या मागे आणि छातीच्या पंखावर अर्धगोल ओरखडे होते, दातांचे, अर्धे भरलेले. मला वाटलं जाळ्याचे असावेत. नंतर वर आल्यावर लेक म्हणाली, नराचे. मिलनाच्या वेळी नर मादीला चावून धरून ठेवतो, म्हणून प्रौढ माद्यांच्या अंगावर असे वण असतात. मी म्हटलं, बरं.

ती गुहेत आमच्या पुढे दहाएक मीटर गेली, काळोखात अर्धी विरघळली, तिथे वळली आणि पुन्हा आमच्यावरून बाहेर गेली. जणू घरात पाहुणे आलेत का बघून गेली, असं मी वर आल्यावर म्हटलं. लेक म्हणाली, "आई, तिला काही पडलेलं नसतं." तिचंच बरोबर असेल.

एक गोष्ट मला खाली असतानाच सुचली आणि तिथे कुणाला सांगता येईना. माशांना तरंगायला पोटात हवेची पिशवी असते, शार्कना नसते. इतर शार्क पोहायचे थांबले की तळाला जातात. ग्रे नर्स मात्र पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा गिळते, पोटात साठवते, आणि मग पाण्यात हवी तिथे लटकून राहते, न हलता. म्हणजे मी अंगावर जे बीसीडी जाकीट चढवून, बटणं दाबून, हवा भरून-सोडून दीड वर्ष शिकत होते, ते ती पोटातल्या पोटात करते. तिच्या कुळाचे दात डायनोसॉरच्या काळातल्या खडकांत सापडतात; शार्क म्हणून तर त्याहूनही मागे, चाळीस कोटी वर्षांच्या आसपास जातं. एवढा सराव असल्यावर जमेलच.

पुढची गुहा मी घाबरत नाही तर मोजत गेले. थोड्या अंतरावर खडक वर चढतो, उभ्या चिमणीसारखा, आणि पाच-सहा मीटर वर जावं लागतं. तिथे कानांपेक्षा जाकिटाकडे लक्ष ठेवावं लागतं, कारण वर जाताना आतली हवा फुगते आणि तुम्ही छताला जाऊन आपटता. मी आपटले. हेल्मेट नव्हतं, टाकी आपटली, ठण्ण आवाज झाला आणि छताच्या फटीतून चार शेवंडं मिशा काढून बघायला लागली. देवगडात शेवंड परवडत नाही, सगळी बाहेर जाते. इथे टॉर्चच्या उजेडात मी वीसपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. तळाशी एक पाकट पसरलेलं, जेवणाच्या टेबलाएवढं. एका कपारीत वॉबिगाँग, म्हणजे तळाशी पडून राहणारा, गोधडीसारख्या नक्षीचा शार्क. त्याच्यावर माझा हात पडायचा राहिला. गाइडने मनगट धरून बाजूला केला. तो मात्र चावतो, आणि चावला की सोडत नाही.

मध्ये साधारण दोन मिनिटं अशी होती की मागचा उजेड संपलेला आणि पुढचा दिसत नव्हता. त्या दोन मिनिटांबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. टॉर्चचा गोल, माझे स्वतःचे फुगे, लाट आली की सगळी गुहा एकदम श्वास घेतल्यासारखी पुढे-मागे. मी आज रात्रीचं जेवण ठरवत होते. पिठलं.

मग लांबवर हिरवट उजेड. त्या उजेडात हजारो तांबूस मासे, बुल्सआय म्हणतात त्यांना, मोठ्या डोळ्यांचे, दाटीने भिंत करून. आम्ही जवळ गेलो की भिंत उघडायची, मागे पुन्हा मिटायची. त्यांच्या मध्ये एक काळा गोबरा, केवढातरी, स्तब्ध. ब्लॅक कॉड. त्यालाही पकडायला बंदी आहे, आणि त्याला ते माहीत असल्यासारखा तो राहतो.

बाहेर पडलो तेव्हा टाकीत ८० बार होते. वर जायच्या आधी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. दोरी धरून तिथे लटकलेलो असताना खालून आणखी एक शार्क गेली, नर असावा, लहान. त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात गळ अडकलेला होता, गंजलेला, आणि त्याला हातभर नायलॉनची दोरी, शेवाळ चढलेली. दोरी मागे लहरत होती. लेकीने त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढले. अंगावरचे ठिपके प्रत्येक ग्रे नर्सचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, त्यामुळे फोटोवरून कोण कुठे दिसली याची नोंद ठेवता येते. डायव्हर लोक असे फोटो पाठवतात. कुणाच्या तरी फिन्सचा फटका खडकाला लागला असेल, तो नर दचकला आणि शेपटीने एकच झटका देऊन गेला. पाण्यात 'फटाक' असा आवाज झाला, ओली चादर झटकावी तसा. पोटात जाणवला. तोवर मला वाटत होतं की त्या संथच असतात.

बोटीवर कुणी फारसं बोललं नाही. सगळ्यांना थंडी वाजत होती. लेकीने माझ्या पाठीवरची वेटसूटची चेन ओढून दिली आणि म्हणाली, "आई, तू डोळे मिटले होतेस का, ती वरून गेली तेव्हा?" नव्हते मिटले. तिने मिटले होते. हे तिने लिहायची परवानगी दिलीय.

संध्याकाळी आईला फोन लावला. व्हिडिओ पाठवलेला, तो तिने शेजारच्या काकूंना बोलावून पाहिला होता.

"गो चेडवा, मोरी बघूक एवढ्या लांब गेलंस? हय रोज जेटीर येता."

"जिवंत होती गं आई. डोक्यावरून गेली."

"दिसली माका. नातीन खंय होती?"

"माझ्या शेजारीच."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मागे टीव्ही चालू होता. मला वाटलं आता ती ओरडणार, पोरीला कुठे नेलंस म्हणून.

"किती किलोची असात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, शंभराच्या वर तरी असेल, जास्तच.

"मगे पाणी किती तापवूचा लागात," आई म्हणाली, "ती कातडी काढूक."